पन्नाशीतला विंगर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात ‘बॅलन डी’ओर’ या, वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिल्या जाणाऱ्या पारितोषिकाचे पहिले मानकरी, इंग्लंडचे विंगर (म्हणजे बगलेने खेळणारे आक्रमक) स्टॅनली मॅथ्यूज, यांच्याविषयी चार ओळींची एक चौकट छापली होती. तिच्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघातून बरीच वर्षे उजव्या बगलेने खेळतो. पस्तिशी ओलांडल्यापासून ‘आता पोरांना जागा द्या’ असे मंडळी सुनावू लागली आहेत. मॅथ्यूज पन्नासाव्या वर्षी इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत खेळले, हे खरे आहे काय? की तो एखादा प्रदर्शनीय सामना होता? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : खरे आहे, आणि तो सामना प्रदर्शनीय नव्हता. मॅथ्यूज यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी स्टोक शहरातील हॅन्ली या भागात झाला. ६ फेब्रुवारी १९६५ रोजी, म्हणजे पन्नाशी पूर्ण होऊन पाच दिवस उलटल्यावर, ते स्टोक सिटीकडून फुलहॅमविरुद्ध उतरले. त्या काळी ‘फर्स्ट डिव्हिजन’ हीच इंग्लंडमधील सर्वोच्च श्रेणी होती आणि हा सामना त्याच श्रेणीतील होता. स्टोकने तो ३-१ असा जिंकला. याच क्लबाकडून त्यांनी मार्च १९३२ मध्ये पदार्पण केले होते. मधली चौदा वर्षे ते ब्लॅकपूलकडे होते.

वडील जॅक मॅथ्यूज हे व्यवसायाने न्हावी, पण त्याचबरोबर रिंगणात उतरून लढती खेळणारे मुष्टियोद्धेही होते, आणि मुलाला भल्या पहाटे उठवून उघड्या खिडकीसमोर व्यायाम करायला लावण्याचा त्यांचा शिरस्ता होता. ती सवय मुलाने पुढे कधीच सोडली नाही. ब्लॅकपूलला असताना संघाचा सराव वेगळा आणि सकाळी समुद्रकिनाऱ्यावर एकट्याने धावणे वेगळे, असा त्यांचा दिनक्रम होता. मद्य नाही, धूम्रपान नाही, आणि सोमवारी उपास. आपल्याकडच्या सोमवारशी याचा संबंध नाही, आणि साबुदाण्याच्या खिचडीचीही सोय त्यात नव्हती. शनिवारी सामना होई आणि सोमवारी पोटाला पूर्ण विश्रांती देण्यात येई, इतकेच.

मात्र एवढ्याने खुलासा होत नाही, कारण व्यायाम करणारे इतरही होते. मॅथ्यूज यांचा खेळच असा होता की वय त्याला उशिरा गाठणार होते. चेंडू उजव्या पायाशी घेऊन ते बचावपटूच्या अगदी जवळ, जवळजवळ चालत जात. मग शरीर डावीकडे, मैदानाच्या आतल्या बाजूला झुकवत. बचावपटूने आपला भार त्या बाजूच्या पायावर टाकला की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू रेषेलगत ढकलून ते निसटत. डाव पाहणाऱ्याला आणि भोगणाऱ्यालाही पाठ होता, तरी तो लागू पडे. कारण भार एकदा चुकीच्या पायावर गेला की तो परत आणायला जो क्षण लागतो तेवढाच त्यांना हवा असे. या खेळाला शंभर यार्डांचा वेग लागत नाही, पहिल्या पाच यार्डांचा लागतो, आणि त्या पाच यार्डांची निगा त्यांनी अखेरपर्यंत राखली. तेव्हा तालमीतल्या मंडळींना आपण मॅथ्यूज यांचे उदाहरण अवश्य द्यावे, परंतु ते सकाळी सहाला रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आल्यावर द्यावे.

प्रश्न : एवढा नावाजलेला खेळाडू त्या काळात किती कमावत असेल? आणि पहिल्या क्लबाशी पटत नसताना तो इतकी वर्षे तिथेच का राहिला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच व्यवस्थेत आहे. इंग्लंडमध्ये १९०१ पासून व्यावसायिक खेळाडूच्या वेतनाला कमाल मर्यादा होती. आरंभी ती आठवड्याला ४ पौंड होती आणि १९६१ च्या जानेवारीत ती रद्द झाली तेव्हाही केवळ २० पौंडांपर्यंत पोहोचली होती. मॅथ्यूज सतराव्या वाढदिवशी व्यावसायिक झाले तेव्हा हंगामात ५ आणि उन्हाळ्यात ३ पौंड अशी त्यांची बोली होती. खेळाडूने मैदान खच्चून भरवले काय किंवा राखीव संघातला सहकारी असला काय, क्लबाला मर्यादेपलीकडे दमडी देता येत नसे.

दुसरे बंधन याहून जाचक होते. करार वर्षाचा असला तरी तो संपल्यावर खेळाडू मोकळा होत नसे. त्याची नोंदणी स्वतःकडे ठेवण्याचा हक्क क्लबाला असे, आणि क्लबाने सोडल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. १९३८ मध्ये मॅथ्यूज यांनी स्टोक सोडण्याची परवानगी मागितली, तेव्हा शहरात ‘मॅथ्यूज गेले नाहीत पाहिजेत’ अशी भित्तिपत्रके लागली, किंग्ज हॉलमध्ये सुमारे तीन हजार लोकांची सभा भरली आणि जागा न मिळालेले आणखी हजारभर बाहेर ताटकळले. खेळाडू थांबला. लोकांचे प्रेम आणि क्लबाची सोय यांची अशी गाठ पडली की माणसाचे काय म्हणणे आहे हे विचारायला कोणी उरत नाही.

अखेर मे १९४७ मध्ये, व्यवस्थापक बॉब मॅग्रोरी यांच्याशी बिनसल्यावर, स्टोकने त्यांना ११,५०० पौंडांना ब्लॅकपूलला विकले. ही रक्कम एका क्लबाने दुसऱ्याला दिली. खेळाडूच्या हाती पडायचे ते नियमाप्रमाणे सहीचे १० पौंड. आणि हा व्यवहार झाला तो स्टोक विजेतेपदाच्या शर्यतीत असताना! शेवटचा सामना जिंकला असता तर लीग त्यांची होती. शेफील्ड युनायटेडने त्यांना २-१ असे हरवले आणि स्टोक चौथ्या स्थानी राहिले.

वेतनाबाहेर जाहिरातींचे उत्पन्न होते. त्यामुळेच जन्मात सिगारेट न ओढलेले मॅथ्यूज ‘क्रेव्हन ए’ या सिगारेटच्या जाहिरातीत झळकले. त्यांना दोष देणे सोपे आहे; आठवड्याच्या वीस पौंडांत ते आम्हाला तितकेसे सोपे वाटत नाही. करारसंपल्या खेळाडूला अडवून ठेवण्याची पद्धत अवाजवी असल्याचा निकाल लंडनच्या न्यायालयाने जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात १९६३ मध्ये दिला, तेव्हा मॅथ्यूज ४८ वर्षांचे होते.

प्रश्न : १९५३ च्या एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तीन गोल ब्लॅकपूलच्याच स्टॅन मॉर्टेनसेन यांनी केले, तरी तो ‘मॅथ्यूज फायनल’ म्हणून का ओळखला जातो? हा अन्याय नव्हे काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : अन्याय आहे, पण तो कसा घडला हे समजण्याजोगे आहे. मॅथ्यूज १९४८ आणि १९५१ असे दोन अंतिम सामने हरले होते. मृत्युशय्येवरील वडिलांना त्यांनी कपाच्या पदकाचे वचन दिले होते, असे सांगतात. २ मे १९५३ रोजी वेम्बलीवर ते ३८ व्या वर्षी तिसऱ्यांदा उतरले, तेव्हा बोल्टनचे चाहते वगळता साऱ्या देशाला त्यांनी जिंकावे असे वाटत होते. राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेक सोहळ्यासाठी अनेकांनी नुकतेच दूरचित्रवाणी संच घेतले होते. त्यांनीही हा सामना घरी बसून पाहिला.

बोल्टनने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला आणि दुसऱ्या सत्रात ते ३-१ असे पुढे होते. मात्र त्यांच्या एरिक बेल यांचा स्नायू पूर्वार्धातच दुखावला होता. बदली खेळाडूची मुभा तेव्हा नव्हती, म्हणून ते लंगडत बगलेवर उभे राहिले आणि तशाही अवस्थेत त्यांनी डोक्याने तिसरा गोल केला. पुढे मॅथ्यूज यांच्यावर नेमलेले राल्फ बँक्स यांच्या पायात गोळे येऊ लागले. शेवटच्या वीस मिनिटांत ब्लॅकपूलने जवळपास प्रत्येक चेंडू उजव्या बगलेवर दिला. ६८ व्या मिनिटाला मॅथ्यूज यांच्या क्रॉसवर मॉर्टेनसेन यांनी ३-२ केले, ८९ व्या मिनिटाला फ्री किकवर थेट बरोबरी साधली आणि वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईत मॅथ्यूज यांनी मागे ओढलेल्या चेंडूवर बिल पेरी यांनी चौथा गोल केला.

पुरुषांच्या एफए कप अंतिम सामन्यात वेम्बलीवर हॅटट्रिक नोंदवणारे मॉर्टेनसेन आजही एकटेच आहेत. सामन्याचे श्रेय आपल्या नावे लावले जाण्याचे मॅथ्यूज यांनाही अवघड वाटे. १९९१ मध्ये मॉर्टेनसेन यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा ‘आता हिलाही मॅथ्यूजची अंत्ययात्रा म्हणतील’ असे कुणीतरी म्हटल्याचा किस्सा सांगितला जातो. आमच्या मते मॉर्टेनसेन यांना न्याय देणारे याहून नेमके वाक्य नसेल.

प्रश्न : लीगचे विजेतेपद नाही, गोलही बेताचेच. मग १९५६ चे पारितोषिक त्यांना डी स्टेफानो यांच्या आधी कसे मिळाले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मतदानात मॅथ्यूज यांना ४७ आणि रेआल माद्रिदचे आल्फ्रेडो डी स्टेफानो यांना ४४ गुण पडले. निव्वळ त्या वर्षीच्या कामगिरीवर पाहिले तर युरोपीय कप जिंकणाऱ्या डी स्टेफानो यांचा हक्क आम्हाला अधिक वाटतो. मतदारांनी बहुधा साऱ्या कारकिर्दीचा मान केला. तरी ते वर्ष रिकामे नव्हते. ब्लॅकपूल लीगमध्ये दुसरे आले, आणि मे महिन्यात वेम्बलीवर इंग्लंडने ब्राझीलला ४-२ असे हरवले, तेव्हा ४१ वर्षांच्या मॅथ्यूज यांनी निल्टन सँटोस यांच्यासारख्या बचावपटूला दुपारभर दमवले. गोलांचे म्हणाल तर ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलेच नव्हते. सुमारे ७०० लीग सामन्यांत त्यांचे ७१ गोल आहेत, आणि पंचांची ताकीद मात्र एकही नाही.

प्रश्न : शेवट कसा झाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये ४६ वर्षांचे मॅथ्यूज स्टोककडे परतले. आधीच्या घरच्या सामन्याला ८,४०९ प्रेक्षक होते. त्यांच्या पुनरागमनाला ३५,९७४ आले. १९३३ मध्ये स्टोकने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले तेव्हा ते संघात होते, आणि १९६३ मध्ये ते पुन्हा मिळवले तेव्हाही. १९६५ मध्ये खेळत असतानाच त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पुढे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात त्यांनी सोवेटोतील कृष्णवर्णीय मुलांना शिकवले आणि १९७५ मध्ये त्यांचा संघ ब्राझीलला नेला. फुलहॅमविरुद्धचा तो सामना आपण दोन वर्षे लवकर खेळून थांबलो, अशी तक्रार ते नंतर करीत. २३ फेब्रुवारी २००० रोजी ते वारले, आणि त्यांच्या अस्थी स्टोक सिटीच्या नव्या मैदानाच्या मध्यवर्तुळाखाली ठेवल्या आहेत.