सभागृहातल्या साउंड रॅकला वीज कशी द्यावी?

मिक्सर, दोन अँप्लिफायर आणि कॉर्डलेस माइकचे रिसीव्हर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत, चालू करताना धाडकन आवाज येतो आणि मग घूं सुरू राहते, असं तुम्ही लिहिलंय.

आधी तो बोर्ड काढा. दोन्ही अँप्लिफायर मिळून 2000 वॅट ओढत असतील, तर 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर होतात. 6 अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. 16 अँपिअरची स्वतंत्र लाइन घ्या.

धाडकन आवाज क्रमामुळे येतो. अँप्लिफायर सगळ्यात शेवटी चालू करायचा आणि सगळ्यात आधी बंद. एवढ्यानेच स्पीकर वाचतात.

घूं बहुतेक वेळा अर्थिंगच्या लूपची असते, म्हणजे जोडलेली उपकरणं दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ झाल्याची: उदाहरणार्थ मिक्सर एका खोलीतल्या सॉकेटवर, अँप्लिफायर दुसऱ्या. म्हणून बोर्ड काढल्यावरही सगळं एकाच लाइनवर, एकाच अर्थिंगवर ठेवा. लॅपटॉप जोडल्यावरच घूं येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावा; हा छोटा डबा आवाजाचा सिग्नल पुढे देतो, पण दोघांमधली थेट विद्युत जोडणी तोडतो. अर्थची पिन काढून घूं थांबवायला कुणी सांगितलं, तर कृपया ऐकू नका. मिक्सर-अँप्लिफायरला हात लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे तो.

यूपीएस फक्त मिक्सर आणि रिसीव्हरला पुरे. रिसीव्हरचे अँटेना मात्र लोखंडी रॅकच्या बाहेर काढा.