तंबाखूचं पाणी मारलेली मेथी खावी का?

प्रश्न : परड्यातल्या मेथी-मिरचीवर मावा पडला. आमच्या भागात विडी-तंबाखूचा चुरा सहज मिळतो. अर्धा किलो चुरा पाच लिटर पाण्यात उकळला, त्यात कण्हेर-धोत्र्याचा पाला घातला आणि गाळून फवारला. हात भिजले होते. तासाभरात मळमळ, घाम, चक्कर सुरू झाली. औषध घरगुती असून असं का झालं? मेथी खावी का?
– एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : मेथी खाऊ नका आणि जनावरांनाही घालू नका. हातमोजे घालून उपटा आणि पुरून टाका. निकोटिन पानात मुरतं, नुसतं धुऊन जात नाही.

तुमची लक्षणं निकोटिनच्या विषबाधेची आहेत. चुऱ्यात दोनच टक्के निकोटिन धरलं तरी अर्ध्या किलोत १० ग्रॅम होतं, आणि त्याचा लहानसा भागही माणसाच्या जिवावर बेतू शकतो. ते पोटात जायलाच हवं असं नाही, ओल्या कातडीतून थेट रक्तात उतरतं. दवात भिजलेली तंबाखू तोडणाऱ्या मजुरांना उलट्या होतात त्या याच कारणानं. निकोटिन सल्फेट हे कारखान्यात बनणारं कीटकनाशक देशात वापरायला बंदी आहे. तुम्ही त्याचंच मोजमाप नसलेलं रूप चुलीवर बनवलंत. कण्हेरीचं विष उकळूनही टिकतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. धोत्र्यानं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळतो.

मिरचीला वेगळा धोका आहे. ती तंबाखूच्याच कुळातली, आणि वाळल्या चुऱ्यातही मोझॅकचा विषाणू टिकून राहतो. चांगल्या उकळीनं तो मरतो, पण चुरा लागलेल्या हातांनी शेंडे खुडले की रोपात शिरतो. मग पानांवर पिवळे-हिरवे चट्टे येतात. त्यावर औषध नाही.

उरलेलं पाणी थंड पेयाच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका. विहीर-ओढ्यापासून लांब खड्ड्यात ओतून बुजवा. उकळलेलं भांडं स्वयंपाकात परत घेऊ नका. पुन्हा त्रास झाला तर कपडे बदला, अंग साबणानं धुवा, मुद्दाम उलटी काढू नका. थेट दवाखाना गाठा आणि तिन्ही वनस्पतींची नावं सांगा.

माव्यासाठी आधी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा द्या, बराच मावा त्यानंच झडतो. उरलेल्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीच्या गराची भरड फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, पिळून गाळा आणि चिमूटभर साबण विरघळवा. आधी एकाच रोपावर मारून दिवसभर बघा. फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात निंबोळीचा गुण लवकर उतरतो. अर्क त्याच दिवशी संपवा आणि हाही लहान मुलांपासून लांब ठेवा.