पत्ता मिळण्याची वाट पाहू नका, आधी अर्ज दाखल करा

प्रश्न : आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो. दीड वर्षापूर्वी वेगळे झालो. मुलगा माझ्याकडे राहील, असं तोंडी ठरलं होतं. शाळेच्या सुट्टीत नवरा सहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेला, तो परत आलाच नाही. फोन बंद, घर सोडलेलं. पोलीस म्हणतात, कोर्टाची ऑर्डर आणा. घरचे म्हणतात, आधी मध्यस्थी करा. सात आठवडे झाले, काय करू?

उत्तर : 'तोंडी ठरलं होतं' हे वाक्य मला इतक्या पत्रांत वाचायला मिळतं की आता वाचताना राग येतो. तुमचा नाही, त्या वाक्याचा. पोलीस तुम्हाला टाळत नाहीत. ऑर्डर नसेल तर मुलाची जबाबदारी कायद्याने दोघांचीही असते, आणि वडिलांकडे असलेलं मूल पळवून नेलेलं ठरत नाही.

म्हणून याच आठवड्यात फॅमिली कोर्टात पेरेंटिंग ऑर्डरसाठी (मूल कुणाकडे राहील, कुणाला कधी भेटेल हे ठरवणाऱ्या आदेशासाठी) अर्ज दाखल झाला पाहिजे. सगळं इथेच अडलंय. १९७५च्या फॅमिली लॉ ॲक्टप्रमाणे मुलाविषयीचं प्रकरण कोर्टात चालू असताना दुसऱ्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ऑर्डरही नाही आणि अर्जही नाही, तर हे कलम लागूच होत नाही. विमानतळावरच्या वॉचलिस्टमध्ये, म्हणजे मुलाला देशाबाहेर नेताना अडवण्यासाठीच्या यादीत, त्याचं नाव घालायलाही फेडरल पोलीस ऑर्डर किंवा दाखल केलेला अर्ज मागतात.

आणि मूल एकदा भारतात पोचलं, तर? पळवलेली मुलं परत पाठवण्याच्या १९८०च्या हेग करारात ऑस्ट्रेलिया आहे, भारत नाही. मग तिथल्या हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, करावी लागते. २०१७मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की परदेशी कोर्टाची ऑर्डर हा विचारात घेण्याचा एक मुद्दा आहे, निर्णय मुलाच्या हिताचाच. त्यात मूल तिथे रुळलं की तेच तुमच्या विरोधात जातं.

अर्जासोबत मध्यस्थीचं प्रमाणपत्र एरवी लागतं हे खरं, पण तातडीच्या प्रकरणात कायद्यानेच सूट आहे. ती अर्जात मागा. सात आठवडे झाल्यावर 'तातडी' पटवणं मात्र आता कठीण झालंय. इतके दिवस काय केलंत हे प्रतिज्ञापत्रात तारखांसह लिहा : कुणाला फोन केले, पोलिसांकडे कधी गेलात, शाळेने काय सांगितलं.

त्याच अर्जात पत्ता शोधण्याची लोकेशन ऑर्डर आणि मूल परत आणण्याची रिकव्हरी ऑर्डर दोन्ही मागा. बरेच जण आधी पत्ता शोधतात आणि नंतर दुसऱ्या ऑर्डरसाठी पुन्हा रांगेत उभे राहतात. लोकेशन ऑर्डरने कोर्ट मेडिकेअर (सरकारी आरोग्य योजना), सेंटरलिंक (सरकारी भत्ते देणारी यंत्रणा) किंवा शाळेसारख्या ठिकाणांहून माहिती मागवतं, पण ती कोर्टाकडे जाते. पत्ता तुमच्या हातात पडेल असं धरून चालू नका. मुलाला प्रत्यक्ष शोधून आणायचे, त्यासाठी घराची आणि गाडीची झडती घ्यायचे अधिकार पोलिसांना रिकव्हरी ऑर्डरने मिळतात. ती जास्तीत जास्त बारा महिने चालते.

मूल लगेच तुमच्याकडे येईल का, याची हमी मी देत नाही. नवऱ्याचीही बाजू असेल, ती कोर्ट ऐकेल. रिकव्हरी ऑर्डर मिळाली तरी मुलाने कायम कुणाकडे राहायचं हे तिने ठरत नाही.

मुलाचा फोटो आणि नवऱ्याचं नाव फेसबुकवर टाकलं असेल तर अर्जाआधी काढा. प्रकरण सुरू झाल्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय अशी ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे, आणि त्यात तुम्हीच अडकाल.

मुलाचा पासपोर्ट कुणाकडे आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेलंच नाही. तो घरात आहे का, ते हे वाचून झाल्यावर लगेच पाहा. नसेल तर प्रतिज्ञापत्रातलं पहिलं वाक्य तेच असू द्या.