वाचकांचे प्रश्न : काकांची कास्ट चुकतेय, सांगू का?

प्रश्न : रविवारी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर आम्ही चार-पाच जण फ्लाय फिशिंग करतो, म्हणजे गळाला नकली माशी (फ्लाय) लावून रॉडनं लाइन आधी मागे, मग पुढे फेकतो; ही फेक म्हणजे कास्ट. आमच्यातले एक ज्येष्ठ काका ९ फुटी, ५ नंबरचा रॉड (नंबर लाइनच्या वजनाचा) वापरतात. त्यांच्या लीडरला, म्हणजे लाइन आणि फ्लायमधल्या बारीक तंगुसाला, सारख्या गाठी पडतात आणि ते वाऱ्याला दोष देतात. मला तर त्यांचं मनगटच चुकतंय असं वाटतं. सांगावं का? आणि उद्धटपणा न वाटता कसं सांगावं?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मनगट सोडा, आधी लाइन बघा. हात ज्याचा त्याचा असतो. खांदा धरलेला माणूस कोपर अंगाला चिकटवूनच कास्ट करणार, त्याला चूक म्हणता येत नाही. लाइन हवेत उलगडताना आडव्या यूसारखा लूप होतो. त्याची वरची बाजू खालच्या बाजूला छेदून खाली उतरत असेल, तर तो टेलिंग लूप. काकांच्या गाठी बहुधा तिथल्याच. अशी एक साधी गाठ तंगुसाची ताकद जवळजवळ निम्म्यावर आणते, म्हणून मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो.

गाठ वारा बांधत नाही. पण वारा अंगावर आला की माणूस जास्त जोर लावतो, तोही एकदम, झटक्यानं. मग रॉडचं टोक मधेच खाली दबतं आणि लाइनही त्याच वाटेनं जाते. त्यामुळे काकांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दुसरं कारण म्हणजे घाई : मागची लाइन सरळ होण्याआधीच हात हळूच पुढे सरकतो आणि खऱ्या फेकीला जागाच उरत नाही. मागे चाबकासारखा फटकारा ऐकू आला, तर ही घाई नक्की समजा. लाइन जितकी लांब, तितकं मागे थांबणं जास्त.

लहानपणी ओल्या चिखलाचा गोळा फोकाच्या टोकाला लावून लांब फेकायचो, तो खेळ आठवा. सुरुवातीलाच हिसका दिला की गोळा तिथेच गळून पडतो. हळू सुरू करून वेग वाढवत नेला आणि एकदम थांबलं, की लांब जातो. कास्टचंही तसंच. काकांना हाच दाखला द्या, चटकन पटेल.

एक गोष्ट मात्र चूक समजू नका. उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं, की उन्हाळ्यात दुपारनंतरचा पश्चिमेचा वारा उजव्या खांद्यावर येतो आणि फ्लाय थेट कानाशी आणतो. अशा वेळी काका रॉड डोक्यावरून डावीकडे कलवून कास्ट करत असतील, तर ते शहाणपण आहे.

हाताला दोष देण्याआधी सामान तपासा. रॉड ५ नंबरचा, पण रीळवर लाइन कितीची? ५ नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. त्याहून हलकी लाइन असेल तर रॉड नीट वाकत नाही आणि माणूस जोर काढत बसतो. शेवाळानं चिकट झालेली लाइनही कड्यांतून सरकत नाही. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ फडकं एवढ्यावर ती साफ होते.

बघायला मागे कधीच उभं राहू नका. १२ मीटर लाइन आणि वर लीडर मागे जातो. काका उजव्या हाताचे असतील तर त्यांच्या डाव्या अंगाला, दहा-बारा मीटरवर थांबा. तिथून पुढचा आणि मागचा असे दोन्ही लूप दिसतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता सांगण्याचं. त्यांनी विचारलं नसेल तर कास्ट चालू असताना गप्प राहा. चहाला बसल्यावर, चारचौघांत नव्हे, एवढंच म्हणा : “काका, लीडरला गाठी फार पडतायत का? मी बाजूनं बघू का?” ते ‘बघ’ म्हणाले तर एकच गोष्ट सांगा. लाइन ८-९ मीटरवर आणायला लावा, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा आणि मागची लाइन सरळ होईपर्यंत थांबायला सांगा. मान वळवून बॅककास्ट, म्हणजे मागची फेक, स्वतः बघितला, की निम्मं काम होतं. मनगट, कोपर, पाय एकाच दमात काढलंत, तर त्यांची होती ती कास्टही बिघडेल. आणि त्यांच्या हातातून रॉड घेऊ नका. दाखवायचंच असेल तर स्वतःच्या रॉडवर दाखवा. ‘नको’ म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

प्रश्न : माझा मित्र १२ मीटरच्या पुढे कास्ट करत नाही, मी २० पर्यंत जातो. तो कच्चा म्हणायचा का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही. काठालगतच्या उथळ पाण्यातल्या चिलापीला १० मीटर पुरतात. त्याची फ्लाय हव्या त्या जागी, पाणी न फाटता उतरते का, ते बघा. तुमच्या २० मीटरच्या कास्टमध्ये शेवटचा लीडर गोळा होऊन पडत असेल, तर तुमच्या दोघांत फ्लाय त्याचीच नीट पडतेय.