वाचकांचे प्रश्न : बागेची वही ब्लॉगवर

प्रश्न : ताई, मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांना सल्ला देतो. गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, झाली की तेच ते प्रश्न दिवसभर फोनवर येतात. मुलगा म्हणतो, ब्लॉग लिहा. ज्या औषध कंपनीचं काम मी करतो ती म्हणते, आमच्या वेबसाइटवर लिहा, पण उत्पादनं आमचीच सुचवा. व्हॉट्सॲपच्या दिवसांत ब्लॉग वाचणार कोण? आणि लिहायचा तर कुठे?

उत्तर : भाऊ, जरूर लिहा, आणि स्वतःच्या ब्लॉगवर लिहा. ग्रुपवरचा मेसेज दोन दिवसांत खाली जातो. पुढच्या हंगामात निफाडचा एखादा तरुण ‘पोंगा अवस्था पाऊस डाऊनी’ (पोंगा म्हणजे नुकता फुटलेला कोंब, डाऊनी म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग) असं गुगलवर टाकेल, तेव्हा तो मेसेज त्याला सापडणार नाही. ब्लॉगवरची नोंद सापडू शकते, तीही तारखेसकट.

१९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ सुरू झालं, २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ आलं आणि एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची भाषा, न येणारा माणूसही जगासमोर लिहू लागला. कंपन्यांनाही त्याची गरज वाटली. जनरल मोटर्सचे बॉब लुट्झ २००५ पासून ‘फास्टलेन’ ब्लॉगवर मोटारींबद्दल लिहीत होते. आपल्याकडे मोठा अडसर फाँटचा होता. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर भलताच दिसायचा आणि शोधातही येत नसे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी एकच अक्षरपद्धती, रुळलं आणि तो अडसर गेला. म्हणून सांगते, थेट युनिकोडमध्येच टाइप करा.

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होते, तेव्हा कंपनीचा ब्लॉग माझ्याकडे होता. उद्घाटनं, सत्कार, पाहुण्यांचे फोटो, सगळं टाकलं जायचं, कोणी विचारत नसे. मग आमच्या एका जुन्या फिटरकाकांना विचारून मी थ्रेड गेज, म्हणजे आटे तपासायचं माप, कसं लावायचं ते लिहिलं. गेज जोर लावून फिरवायचं नाही, आधी बर, म्हणजे धातूच्या कडेची खरखर, काढायची, आटे पुसून घ्यायचे, असं सगळं त्यांच्याच बोलीत. आयटीआयची मुलं त्याची प्रिंट काढून घेऊन आली. काकांना किती आनंद झाला होता! लोकांना हातचं ज्ञान हवं असतं, आणि ते तुमच्या भेटीच्या वहीत आहे.

तीच वही उघडा. एका वेळी एकच बाग घ्या. वाण कोणता, छाटणी कधी झाली, पाऊस किती, पानं किती वेळ ओली राहिली, कोणती फवारणी केली आणि पुढे काय झालं. फवारणी वाया गेली असेल तर तेही लिहा. तसल्या नोंदीवर शेतकरी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो. बागाईतदाराचं नाव आणि गट नंबर मात्र त्याला विचारल्याशिवाय नको.

औषधाबद्दल लिहिताना लेबल क्लेम (ते कोणत्या पिकावर, कशासाठी मंजूर आहे) आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) दिलाच पाहिजे. २०१० मध्ये सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते हाल तुम्हीही पाहिले असतील. अर्धवट शिफारस कोणाचा तरी कंटेनर अडकवू शकते.

आता कंपनीचं. त्यांच्या वेबसाइटवर लिहायला हरकत नाही, पण स्वतःच्या ब्लॉगवर पैसे घेऊन उत्पादन सुचवणार असाल तर ‘जाहिरात’ असं अगदी वर लिहा. भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. ‘फक्त आमचंच सुचवा’ ही अट मात्र मान्य करू नका. शेतकरी तुम्हाला बागेत बोलावतो तो तुमच्या नजरेसाठी.

प्रश्न : मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. ब्लॉग लिहिला तर चालेल का?

उत्तर : बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनं वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती द्यायला परवानगी मिळाली. म्हणून कायदा समजावून सांगा. जिंकलेल्या खटल्यांची यादी आणि ‘आजच संपर्क साधा’ हे दोन्ही टाळा. सुरुवात वारसनोंदीपासून करा. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर बहिणींची नावं कशी लागतात आणि हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी काय वाचायचं, हे सोप्या मराठीत लिहा. माहेरच्या जमिनीचा प्रश्न आला की कोणाला विचारायचं हेच अनेकींना कळत नाही.