सीपीयू २० टक्के आणि साइट मात्र लटकलेली

तुम्ही लिहिलंय की उबुंटू १८.०४ वर पुढे एनजिनएक्स (लोकांच्या रिक्वेस्ट घेऊन मागे पाठवणारा वेब सर्व्हर), मागे गनिकॉर्नचे (पायथन अॅप चालवणारा सर्व्हर) ५ सिंक वर्कर, फॉर्मची शेवटची तारीख आली की साइट लटकते, सीपीयू निवांत, आणि एनजिनएक्सची वर्कर कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन घ्यायची ती मर्यादा) १०००० करूनही ढिम्म फरक नाही. नाहीच पडणार, अडकलंय दुसरीकडे.

लॉगमधला अपस्ट्रीम कनेक्ट टाइम (एनजिनएक्सला गनिकॉर्नशी जोडायला लागलेले सेकंद) बघा ना, एकतर शून्य नाहीतर सरळ १.०० किंवा ३.०० च्या आसपास, मधलं काहीच नाही. हे आकडे कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याचे) आहेत. गनिकॉर्नची रांग (आत यायला थांबलेली कनेक्शन्स) भरली की नवीन सिन पॅकेट (कनेक्शन मागणारा पहिला संदेश) गपचूप टाकून दिलं जातं, मग एका सेकंदाने परत पाठवलं जातं, तेही गेलं तर आणखी दोनाने.

गर्दी असताना 'एसएस -एलएनटी' (ss -lnt) ही कमांड मारा. गनिकॉर्नच्या पोर्टसमोर रिसीव्ह-क्यू (रांगेत आत्ता किती) १२९ आणि सेंड-क्यू (रांगेची मर्यादा) १२८ दिसलं की समजा रांग तुडुंब. गनिकॉर्न मागतो २०४८ची रांग पण तुमच्या कर्नलचं सोमॅक्सकॉन (रांगेची कमाल लांबी ठरवणारी सेटिंग) १२८ आहे, जे कमी तेच मिळतं, आणि कोणी वॉर्निंगसुद्धा देत नाही!

आता लगेच सोमॅक्सकॉन ४०९६ करायला धावू नका, मी तेच केलं होतं. एका क्लायंटच्या अॅडमिशन फॉर्मवर रांग वाढवली, कनेक्ट टाइम एकदम छान शून्यावर, आणि दहा मिनिटांत ५०४चा (मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत न आल्याची एरर) पाऊस. कारण लोक आत आले पण काउंटरवर माणसं तेवढीच. सिंक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट धरतो, २०० मिलिसेकंदाची असेल तर ५ वर्कर सेकंदाला २५ उरकतात, पण आमच्याकडे सबमिट झाल्यावर तिथेच एसएमएस जायचा, तो गेटवे दोन दोन सेकंद घ्यायचा, म्हणजे सेकंदाला अडीच! वर्कर नुसता उत्तराची वाट बघत बसलेला, म्हणून सीपीयू थंड. आणि एनजिनएक्स सेटिंग बदललं नसेल तर ६० सेकंदांपेक्षा जास्त वाट बघत नाही, ५०४ देऊन मोकळा.

तर आधी तुमच्या व्ह्यूमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) बाहेरचा कॉल कुठे आहे ते शोधा (मेल, एसएमएस, पेमेंट), पेमेंट सोडून बाकीचं बॅकग्राउंड जॉबला (उत्तर देऊन झाल्यावर मागे वेगळं चालणारं काम) द्या, पेमेंटला टाइमआउट लावा, वर्कर जीथ्रेड (एक वर्कर एका वेळी अनेक रिक्वेस्ट धरतो तो प्रकार) करा. मग सोमॅक्सकॉन १०२४ वगैरे, आणि गनिकॉर्न पूर्ण रीस्टार्ट, नाहीतर जुनीच रांग राहते.