वाचकांचे प्रश्न : पुढे सीव्हीडी, मागे डॉगबोन

प्रश्न (निपाणी) : १/१० मापाची फोर व्हील ड्राईव्ह रिमोट बग्गी आहे, चारी चाकांना डॉगबोन (चाक फिरवणारा शाफ्ट, त्याच्या टोकाचा आडवा पिन कपाच्या खाचेत बसतो). पूर्ण वळवली की पुढनं कटकट आवाज येतोय, आणि उडीनंतर कधीकधी शाफ्टच निसटून पडतो. चारी बाजूंना सीव्हीडी (बाहेरच्या टोकाला पक्का सांधा असलेला शाफ्ट) घालू का?

उत्तर : पुढच्या दोनच घाला. मागची चाकं वळत नाहीत. तिथे शाफ्टचा कोन सस्पेन्शन वर-खाली होण्यापुरताच बदलतो आणि तेवढं डॉगबोनला सहज झेपतं. पुढे मात्र पूर्ण स्टिअरिंगला डॉगबोनचा पिन कपाच्या खाचेतून काठाशी येऊन आपटतो. तुमची कटकट तीच. सीव्हीडीत बाहेरचा सांधा ॲक्सलमध्येच पिनने अडकवलेला असतो, त्यामुळे काठ गाठायचा प्रश्नच येत नाही.

सीव्हीडीच्या नावात 'कॉन्स्टंट व्हेलॉसिटी', म्हणजे एकसारखा वेग, असलं तरी एका सांध्याची सीव्हीडी गणिताने साधा युनिव्हर्सल जॉइंटच. सांधा ३० अंशांत वाकला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग ०.८७ पट ते १.१५ पट असा हलतो. १५ अंशांत हा फरक जेमतेम साडेतीन टक्के. म्हणून पूर्ण वळणात थ्रॉटल दिला की पुढची चाकं थरथरतात. डबल जॉइंट शाफ्टमध्ये कोन दोन सांध्यांत वाटला जातो आणि थरथर जवळपास जाते. गुळगुळीत ट्रॅकवर टूरिंग कार पळवणाऱ्याने तो जरूर घ्यावा. मातीत टायर तसेही घसरतात, तिथे पैसे घालू नका.

निसटण्याचा आजार वेगळा आहे आणि तो सीव्हीडीने जाणार नाही, कारण तिचंही आतलं टोक उघड्या कपातच असतं. शॉक ॲब्सॉर्बर काढून आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) पूर्ण वर दाबा. शाफ्ट लांबीच्या दिशेने ०.५ ते १ मि.मी. हलला पाहिजे, अजिबात हलत नसेल तर तो लांब आहे आणि बेअरिंग खाईल. आता शॉक जोडून आर्म पूर्ण खाली सोडा. पिन खाचेत निम्मा तरी आत हवा. नसेल तर शॉकच्या आत, पिस्टनखाली १-२ मि.मी.चा स्पेसर घालून आर्मची खालची चाल कमी करा.

सीव्हीडी बसवताना ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू, बहुतेक एम३, १.५ मि.मी.ची ॲलन की) आणि त्याची आटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एकच थेंब लावा, २४ तास गाडी हलवू नका. सांध्यावर हीट-श्रिंकची (तापवली की आवळणारी) नळी चढवली तर स्क्रू सुटला तरी पिन पडत नाही. उघड्या सांध्याला ग्रीस फासू नका, धूळ बसून पिन घासतो.

प्रश्न (खानापूर) : रिमोट ट्रकचे प्लास्टिकचे सरकते (एकात एक सरकणारे) शाफ्ट ३ सेल बॅटरी आणि ब्रशलेस मोटर घातल्यापासून पिळतात. स्टीलचे घ्यावेत का?

उत्तर : घ्या, पण आधी स्लिपर क्लच (जास्त पीळ आला की घसरणारा क्लच) बघा. नट पूर्ण आवळून अर्धा फेरा ढिला करा. क्लच घट्ट ठेवून स्टील शाफ्ट घातला की पुढचा बळी डिफरन्शियलचा गिअर, आणि तो महाग. उडीत थ्रॉटल धरून ठेवला तर हवेत भन्नाट फिरणारं चाक जमिनीला टेकताच थांबतं आणि सगळा पीळ शाफ्टवर येतो. पावसात तुमच्याकडची तांबडी माती सरकत्या खाचांत वाळली की शाफ्ट अडकतो, सस्पेन्शन दाबलं जात नाही. गाडी फिरवून आल्याआल्या धुवा, वाळवा, सिलिकॉन तेलाचा थेंब टाका. थ्रेडलॉक मात्र प्लास्टिकला लागू देऊ नका, तडे जातात.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : डॉगबोन लेथवर काढला तर?

उत्तर : निघेल, पण एम.एस.चा (माइल्ड स्टीलचा) नको, तो पिळतो आणि पिनचं भोक लांबट होतं. ईएन-२४ पोलादाचा टी कंडिशनचा (आधीच हार्डन-टेम्पर केलेला) रॉड घ्या, नंतर हार्डनिंग लागत नाही. पिन म्हणून २ मि.मी.चा हार्डन केलेला डॉवेल (गुळगुळीत गोल पिन) वापरा. भोक रीमरने करा, पिन सैल लागला तर रिटेनिंग कंपाऊंड (पिन भोकात धरून ठेवणारा गोंद) लावा. पिन दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर यायला हवा.